भाड्याचा मामा

महाळुंग्यात माझ्या वर्कशॉपसमोरच्या टपरीवर तो रोज चहाला येतो. साठीचा आहे, शर्ट कायम कडक इस्त्रीचा. लग्नकार्यात माणूस कमी पडला की पैसे घेऊन काका, मामा, मित्र होतो. ठरवताना हळूच विचारतो, "नातं कोणतं, शेठ?"

माझ्या मुलीच्या लग्नात मला मामा हवा होता. खरा मामा, म्हणजे माझा मेहुणा, जवळच माण गावात राहतो. भर पंगतीत तो मला 'पत्र्याच्या शेडवाला' म्हणाला होता, म्हणून मी त्याला पत्रिका दिली नाही. बायको रडली, तरी नाही.

याच्याशीही मी घासाघीस केली. "मामाच्या मानाची टॉवेल-टोपी मिळणारच आहे, तेवढे कमी घ्या." त्याने होकाराची मान हलवली.

हाताला धरून त्याने मुलीला बोहल्यापर्यंत आणलं, तिच्या पावलाने चालत. मांडवात मला 'दाजी' म्हणत होता. निघताना टॉवेल-टोपी माझ्या हातात ठेवून परत 'शेठ' म्हणाला.

"ह्यो मान माझा न्हाई, शेठ. मी नुसता हुबा राहतो. खऱ्या मामाला पोचवा."

"म्हणजे आता जास्त पैसे मागणार?" मी तडकलो.

"न्हाई. ठरलंय तेवढंच."

टॉवेल-टोपी अजून माझ्या गाडीत मागच्या सीटवर आहे. कामासाठी मी दर आठवड्याला माणवरून जातो. टपरीवर तो गाडीच्या काचेतून मागच्या सीटकडे एकदा बघतो आणि चहा पितो.

हल्ली मी गाडी लांब लावतो.