आक्कांची सकाळची थुंकी

म्हाताऱ्या माणसांचं रक्त काढायची नोकरी असली की किस्से शोधावे लागत नाहीत, सुई बाहेर येईपर्यंत एखादा पदरात पडतोच. आमच्या कोल्हापूरच्या लॅबला साठी ओलांडलेली, पण ठणठणीत माणसं हवी होती. उतारवयात ताणाचं हार्मोन वाढलं तर प्रतिकारशक्तीचं काय होतं, हे बघायचं होतं. ज्याचे आकडे बिघडतील तो बाहेर. पेठेतल्या आक्का आल्या, सोबत त्यांचे पैलवान नवरे तात्या. "बाहेर काढलासा तर गल्लीत तोंड दाखवायची सोय ऱ्हायची न्हाय," आक्कांनी पहिल्याच दिवशी मला बजावलं.

*

उठल्या उठल्या, काही न खाता, चूळही न भरता, थुंकीनं नळी भरायची असा नियम. हार्मोन त्यातच मोजतात. आक्का ऐकेनात. "तोंड न धुता देवापुढं जात न्हाय मी. तुमची नळी काय देवापेक्षा मोठी लागून गेली?"

शेवटी आमच्या डॉक्टर मॅडमनी हातापाया पडून समजूत घातली. दुसऱ्या दिवशी नळी आली ती काळीकुट्ट. चूळ भरली नव्हती, मशेरी लावली होती.

"मशेरी म्हंजे काय खाणं हाय व्हय?"

*

तात्यांनी उभ्या जिल्ह्यात कुस्त्या मारलेल्या. माझी सुई दिसली आणि गडी भिंतीकडं तोंड करून बसला.

"तात्या, एवढे पैलवान तुम्ही, आणि सुईला घाबरता?"

"समोरचा गडी कुठं धरणार ते कळतंय तरी. हिचा काय नेम?"

*

ताणाचे प्रश्न मी वाचून दाखवायचे. "गेल्या महिन्यात गोष्टी हाताबाहेर गेल्यासारखं कधी वाटलं?"

तात्यांनी आक्कांकडं बघितलं. "हातात कवा हुत्या?"

आक्कांनी मात्र एकच उत्तर लावून धरलं. "मला कसला ताण? न्हाय म्हणून लिवा."

*

मॅडम एकदा समजावून सांगत होत्या, की ताण फार दिवस राहिला तर शरीराचे पहारेकरी थकतात, मग सर्दी-पडसं सारखं धरतं. आक्का सरसावून बसल्या.

"म्हंजे माझी सर्दी ह्यांच्यामुळं. तेवढं लेटरहेडवर लिवून द्या की."

"शिक्का बी मारा," तात्या म्हणाले. "मग तरी गप बसंल."

*

पुढं खरंच घोळ झाला. सकाळी हार्मोन सगळ्यांचंच चढतं, पण आक्कांचं भलतंच चढायचं. दुपारी बघावं तर नॉर्मल. मॅडम त्यांना बाहेर काढायच्या बेतात होत्या. मला फार वाईट वाटलं, म्हणून मी त्यांच्या घरी जाऊन विचारलं, "आक्का, नळी भरायच्या आधी काय करता हो?"

तात्या परसात गेल्याची त्यांनी खात्री केली. "गेल्या साली ह्यास्नी न्यूमोनिया झालता. तवापास्नं डोळं उघडलं की आधी ह्यांच्या नाकाखाली बोट धरतो. श्वास लागला की मग तुमची नळी."

मी मॅडमना सांगितलं. त्यांनी आक्कांचा कागद परत गठ्ठ्यात सरकवला. "राहू दे त्यांना."

पुढच्या खेपेला तात्या नेहमीसारखे भिंतीकडं तोंड करून बसले. मी सुई टोचली, तसं हळूच म्हणाले, "बोटाचं सांगितलं न्हवं तिनं?"

"तुम्हाला माहीत आहे?"

"मी तिच्या आधीच जागा असतोय की. बोट आलं की मोठ्ठा श्वास सोडतो. रातच्या मशेरीचा वास मारतोय बोटाला, पर एकदा बी शिंकलो न्हाय."