ठिणगी धरेपर्यंत

माझा राग लहानपणापासून माझ्यापेक्षा चार पावलं पुढे चालत आला आहे. मी दारात पोचायच्या आधी तो ओसरीवर चढलेला असायचा. पागोट्याची गाठ नीट बसली नाही, रागावलो. आमटीत मीठ कमी पडलं, रागावलो. मीठ बरोबर असलं तर रोज का नसतं म्हणून रागावलो. बायको म्हणायची, लोकांचा राग नाकावर असतो, यांनी नाकापुढे ओटा बांधून त्यावर बसवलाय. त्यात माझा चेहरा देवीच्या वणांनी भरलेला. लहान मुलं मला पाहिलं की आईच्या पदरात शिरायची, आणि माझी चाकरी नेमकी लहान मुलांशी होती.

मी जव्हार संस्थानात देवी काढायचं काम करायचो. मुंबईहून काचेच्या बारीक नळ्यांतून लस यायची. ती ओल्या फडक्यात गुंडाळून मडक्यात ठेवायची, मडकं शिपायाच्या डोक्यावर द्यायचं आणि दोघांनी डोंगर चढायचा. मुलाच्या दंडावर नस्तराने बारीक ओरखडे काढायचे, त्यावर लस चोळायची आणि आठव्या दिवशी पुन्हा जाऊन फोड धरला की नाही ते बघायचं. काम एवढंच. पण पाड्यापाड्यांतून माझी कीर्ती माझ्याआधी पोचलेली असायची. टेकाडावर माझं पागोटं दिसलं की खाली आया मुलांना काखोटीला मारून रानात पसार व्हायच्या. मग मी मोकळ्या झोपड्यांपुढे उभा राहून कोंबड्यांवर ओरडायचो.

आमच्या दवाखान्यातले डॉक्टर गप्पिष्ट होते. माझं हे सगळं ऐकून ते एकदा म्हणाले की माणसाच्या डोक्यात दोन बिऱ्हाडं असतात. एक फार जुनं. त्यातल्या भाडेकरूला दोनच गोष्टी येतात, पळणं आणि चावणं. दुसरं बिऱ्हाड मागाहून आलं. तिथला माणूस शहाणा, विचारी, पण त्याला बाहेर पडायला वेळ लागतो, आधी पागोटं बांधणार, मग जोडे शोधणार. तो दारात येईपर्यंत पहिल्याने घर पेटवलेलं असतं. मी विचारलं, मग यावर औषध काय? डॉक्टर म्हणाले, पहिल्याला कोंडता येत नाही, दुसऱ्याला पागोटं बांधायला वेळ मिळेल असं काहीतरी करायचं. हे काहीतरी काय, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्या दिवशी मी त्यांच्यावरही थोडा रागावलो.

त्या वर्षी होळी झाली आणि खोडाळ्याच्या बाजूला देवी आल्याची बातमी आली. माझ्या मडक्यात मोजक्या नळ्या उरल्या होत्या आणि ऊन असं की लस फार तर दोन दिवस तग धरेल. खोडाळ्याहून वर, सूर्यमाळच्या अंगाला एक पाडा होता. तिथल्या एकाही मुलाला लस टोचलेली नव्हती, आणि त्यात माझाच हात होता. आदल्या वर्षी मी तिथे गेलो होतो, एका रडणाऱ्या पोराला शिपायाकडून धरवलं होतं आणि टोचायच्या आत त्याला हिसकावून नेणाऱ्या आईला नाही नाही ते बोललो होतो. तेव्हापासून पाड्याने माझ्याकडे पाठ फिरवली होती. आता साथ खालच्या गावात होती आणि वर पंधरा-वीस उघडे दंड होते. मी भराभर निघालो.

या खेपेला मात्र मी हुशारी केली. मोखाड्याच्या बाजारातून काडेपेटी घेतली. त्या पाड्यावर अजून चकमक चाले. पाहुणा आला की म्हातारा कारभारी कमरेची चंची सोडणार, गारगोटी काढणार, पोलादाचा तुकडा काढणार, सावरीच्या कापसाचा बोळा नखाने पिंजणार, आणि ठक ठक करत बसणार. ठिणगी कापसाने धरली की आपट्याच्या पानाची विडी पेटायची आणि विडी पेटल्याशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही. आदल्या वर्षी या ठकठकीने माझी अर्धी सकाळ खाल्ली होती. म्हटलं, काडेपेटी दिली की म्हातारा खूश आणि आपलं काम झटपट.

म्हातारा खूश झाला खरा. आंब्याखाली सगळे पुरुष जमले होते. त्याने काडी ओढली, भप्पकन् जाळ झाला, सगळे हसले. विडी पेटली आणि मी लगेच विषय काढला.

अर्ध्या घटकेत सगळा खेळ आटोपला. पाड्यावर दोन भाऊ होते, दोघांचीही मुलं लहान. थोरला म्हणाला, टोचून घेऊ. धाकटा म्हणाला, आदल्या वर्षी ज्याने माझ्या पोराला धरवलं त्याचा हात पुन्हा लागू देणार नाही, देवी ही पाहुणी असते, तिला सुरीने कोण बोलावतं? थोरल्याने धाकट्याच्या बायकोचं काही काढलं. धाकटा उठला, थोरला उठला, मी दोघांच्या मध्ये पडलो आणि आगीत तेल म्हणतात ते ओतलं, म्हणजे दरबारच्या शिपायांची धमकी दिली. बघता बघता आंब्याखाली कुणी उरलं नाही. धाकट्याने बायकापोरांना घेऊन रान गाठलं, त्याच्या मागोमाग बाकीच्या आयाही गेल्या. शेवटी थोरल्याची बायकोसुद्धा गेली, कारण मघाशी जे बोलणं झालं ते तिच्या जावेबद्दल होतं. मागे राहिला कारभारी म्हातारा आणि त्याच्या मांडीवर तीनेक वर्षांची नात.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मी म्हाताऱ्याला बोलायला लागलो. अडाणी म्हणालो, मुलांचे वैरी म्हणालो. मडक्यावरचं फडकं सुकलं होतं म्हणून पाणी मागितलं आणि पाणी आणायला झिऱ्यावर जावं लागेल, झिरा खालच्या दरीत आहे, असं तो म्हणाला तर त्यावरही ओरडलो. नात माझ्या तोंडाकडे बघत होती. शिपाई तिसरीकडेच बघत होता.

म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं. मग काडेपेटी माझ्यापुढे ठेवली आणि चंचीतून गारगोटी, पोलाद आणि कापूस काढून माझ्या हातात दिला. त्या भागात सरकारी माणसालाही तू म्हणतात, त्यात अपमान नसतो. म्हातारा म्हणाला, "तू पेटव. इडी पेटली का मंग बोल."

मला वाटलं, हे म्हातारं थट्टा करतंय. मग शिपायाने हळूच सांगितलं की इथली रीतच ती आहे. ज्याला राग आला असेल त्याने चकमक झाडायची. बाकीचे थांबतात.

मी ठोकायला लागलो. पहिला घाव अंगठ्यावर बसला. दुसऱ्यात गारगोटी निसटली. ठिणग्या उडत होत्या, पण कापसावर एक पडेल तर शपथ. हात थरथरत होता, आणि जोर केला की जास्तच थरथरे. म्हातारा मध्येच म्हणाला, श्वास सोड आणि मनगट ढिलं कर, रागाच्या हाताला ठिणगी बसत नाही. मी मनातल्या मनात त्याला दोन शिव्या दिल्या आणि मनगट ढिलं केलं. आता हसू येतं, पण संस्थानचा देवी काढणारा डोक्यावर पागोटं घालून, अंगठा चोखत, चकमक झाडत बसला होता, आणि तीन वर्षांची पोर त्याची प्रत्येक ठिणगी मोजल्यासारखी बघत होती.

किती वेळ गेला सांगता येत नाही. कधीतरी माझ्या लक्षात आलं की मी आता कुणावरही रागावलेलो नाही, नुसता ठिणगीच्या मागे आहे. कापसाने ठिणगी धरली. म्हाताऱ्याने फुंकर घातली, विडी पेटवून मला दिली. मी विडी ओढत नाही, तरी घेतली.

म्हातारा म्हणाला, "तुझी लस मेली तं दरबार दुसरी धाडंल. तू एवढा कशाला जळतंस? तुला राग नाय आला. तुला भ्या वाटतं."

तीस वर्षांत जे मी कुणाला सांगितलं नव्हतं ते मी त्या अनोळखी म्हाताऱ्याला सांगितलं. मी नऊ वर्षांचा होतो, धाकटा भाऊ पाचाचा. आमच्या आळीत देवी काढणारा आला होता. मोठी माणसं मुलांना घेऊन ओळीने उभी होती. सुरीने हात कापतात असं मी ऐकलं होतं, म्हणून भावाचा हात धरून मी त्याला पळवलं आणि दिवसभर आम्ही गवताच्या गंजीमागे लपून बसलो. तो खुशीत होता, मी त्याला गूळ दिला होता. महिन्याने आम्हा दोघांना देवी आल्या. मी वण घेऊन उठलो. तो उठला नाही.

म्हातारा उठला. नातीला खांद्यावर बसवून टेकाडावर गेला आणि रानाकडे तोंड करून हाका घालायला लागला. त्याची बोली मला अर्धीमुर्धी कळायची. लस, सुरी, दरबार, यातलं काहीच तो बोलत नव्हता. माझ्याबद्दल म्हणत होता, त्याला भाऊ होता, एवढंच मला कळलं. ते तो तीन-चारदा म्हणाला.

उन्हं कलायच्या आत माणसं परत आली. म्हाताऱ्याने दोघा भावांना समोरासमोर बसवलं आणि आळीपाळीने चकमक झाडायला लावली. थोरल्याने माझ्यापेक्षा जास्त वेळ घेतला, त्यामुळे मला उगाच बरं वाटलं. धाकट्याची बायको मला आदल्या वर्षीचं सगळं ऐकवून मोकळी झाली, मी मान खाली घालून ऐकलं, आणि मग तिनेच पोराचा दंड पुढे केला. कुणाला धरावं लागलं नाही. पहिली लस म्हाताऱ्याच्या नातीला. ती रडली नाही, माझ्या गालावरच्या वणांत बोट घालून बघत होती. बायका दरीतून पाणी घेऊन आल्या होत्या, त्यातलं पहिलं त्यांनी माझ्या मडक्यावर ओतलं. सकाळी मी पाण्यासाठी ओरडलो होतो ते आठवून मला लाज वाटली. पाड्यातलं शेवटचं मूल झालं आणि शेवटची नळी रिकामी झाली.

आठव्या दिवशी गेलो तेव्हा सगळ्यांचे फोड धरले होते. साथ त्यानंतर डोंगरावर चढली, आसपासच्या दोन पाड्यांत तिने मुलं नेली. या पाड्यातलं एकही गेलं नाही. म्हाताऱ्याने काडेपेटी मला परत दिली. एकच काडी कमी होती. बदल्यात त्याने आपली जुनी गारगोटी दिली, ती अजून माझ्या कोनाड्यात आहे. डॉक्टरांना मी ती दाखवली आणि म्हटलं, हे घ्या तुमचं काहीतरी. ते बराच वेळ ती हातात फिरवत बसले.

राग काही गेला नाही. जित्याची खोड. पण त्या खेपेहून जव्हारला परतलो तेव्हा बायकोने ताट वाढलं, आमटीत मीठ नव्हतंच, आणि मी जेवता जेवता तिला भावाची गोष्ट सांगितली. लग्नाला बारा वर्षं झाली होती. मला भाऊ होता हेसुद्धा तिला ठाऊक नव्हतं. तिने सगळं ऐकलं, डोळे पुसले, मिठाचं सट माझ्याकडे सरकवलं आणि मग विचारलं, "म्हणजे इतकी वर्षं मी कुणाच्या वाटणीची बोलणी खात होते?"

मी म्हटलं, "माझ्या."