साखर सोडलेल्या घरातली सुकेळी

लग्न होऊन मी वसईच्या वाडीत आले, त्याच्या दुसऱ्या वर्षी मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, मधुमेह निघाला. विरारच्या डॉक्टरांनी निळ्या औषधात लघवीचे थेंब घालून काचेची नळी दिव्यावर धरली. बघता बघता औषध विटेसारखं तांबडं झालं.

"साखर बंद," डॉक्टर म्हणाले, आणि चहासाठी सॅकरिनच्या गोळ्यांची एवढीशी बाटली दिली.

मामंजी शब्दाचे पक्के. घरी आल्या आल्या त्यांनी साखरेचा डबा स्वतःच्या हाताने वरच्या फळीवर ठेवला. चहात गोळी विरघळताना ते वाकून बघायचे. "तांदळाच्या कणीएवढी, पण जोर बघ तिचा!" पुढे जोर आणखी वाढवावा म्हणून त्यांनी चार गोळ्या टाकल्या, आणि पहिल्याच घोटाला तोंड वाकडं झालं.

"सूनबाई, हा चहा की काढा?"

सासूबाईंना त्यांची दया आली. त्यांनी गोळ्या कुटून शिरा केला. दिसायला शिराच, पण रवा रव्याच्या जागी आणि तूप तुपाच्या जागी! ना ओलावा, ना लकाकी. वर मागून कडवट चव. साखर पदार्थ नुसता गोड करत नाही, त्याला धरूनही ठेवते, हे आम्हा दोघींना त्या दिवशी कळलं. गोळीच्या अंगात फक्त गोडी. बाकीचं काम तिला येत नव्हतं. मामंजींनी मात्र ताटली संपवली. "वाईट नाही," म्हणाले, आणि तांब्याभर पाणी प्यायले.

एवढं करूनही डॉक्टरांची नळी तांबडीच. सासूबाई माझ्याकडे संशयाने बघायच्या, मी त्यांच्याकडे. शेवटी डॉक्टर स्वतःच आमच्या घरी आले.

सुकेळ्यांचे दिवस होते. सोललेली राजेळी केळी मांडवावर उन्हात वाळत होती. तयार झालेली सुकेळी मामंजी केळीच्या सोपटात, खोडाच्या वाळक्या सालीत, बांधत बसले होते. डॉक्टरांना बघून त्यांनी हौसेने दोन सुकेळी पुढे केली.

"घ्या डॉक्टर, घरची आहेत. साखरेचा कण नाही. साखर सोडल्यापासून मी याच्यावरच तर दिवस काढतो!"

डॉक्टरांचा हात तसाच राहिला. मग ते इतके हसले की त्यांना ओट्यावर बसावं लागलं.

"अहो, केळं वाळलं म्हणजे त्यातलं पाणी गेलं. साखर कुठे जाणार? ती आत दाटून बसली!"

"पण हे तर फळ."

"फळाचीही साखरच. गुळाची, मधाचीही. त्यांना साखरेच्या जागी बसवलंत तर साखरच खाल्लीत. तुमच्या रक्ताला सोंग कळत नाही."

सासूबाई पदराआड हसत होत्या. मामंजी हसले नाहीत. हातातल्या सुकेळ्याकडे बघत ते हळूच म्हणाले, "मग चव कोण बघणार?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. त्यांच्या सुकेळ्यांना नाव होतं ते त्यांच्या जिभेमुळे. प्रत्येक खेपेतलं एक खाऊन ते सांगायचे, हे आज बांधा, याला अजून एक ऊन द्या. व्यापारी तेवढ्यावर माल उचलायचा.

डॉक्टर गेल्यावर ते बराच वेळ मांडवाखाली फिरत होते. मग मला हाक मारली. "सूनबाई, हे खा. डोळे मिटून खा. आणि काय लागतं ते सांग."

"गोड लागतं."

"गोड तर गोळीही लागते! नीट सांग."

मी पुन्हा खाल्लं. आधी मधासारखं, मग किंचित आंबूस, मध्ये थोडं ओलसर, मी म्हणाले.

"ओलसर? मग अजून एक ऊन."

त्या मोसमात मी इतकी सुकेळी खाल्ली की माहेरी गेले तेव्हा आईने ओळखलंच नाही. व्यापारी आला, त्याने नेहमीप्रमाणे मामंजींना विचारलं. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "आता जीभ हिची." तो गोंधळला, एक तोंडात टाकलं, आणि पाट्या उचलायला सांगितल्या.

नळीतला रंग हळूहळू हिरव्यावर आला. मामंजी चहात एकच गोळी घालू लागले आणि पुढे खूप वर्षं ठणठणीत राहिले. पण मोसमात दुपारी मांडवाखाली यायचे, भिंतीला टेकून बसायचे आणि म्हणायचे, "हं, आता सांग. घाई करू नकोस."

मी खात खात सांगायची. ते डोळे मिटून, सावकाश तोंड हलवत ऐकायचे.