क्लास भरायच्या वेळी

पळसदेवच्या फाट्यावर एसटी थांबली तेव्हा आमच्याकडे दोनच वस्तू होत्या. माझी कपड्यांची बॅग आणि चिलापीनं भरलेलं थर्माकोलचं खोकं. कंडक्टरनं नाक मुरडून विचारलं, "हे कुणाचं?" आण्णा म्हणाले, "दोनी माझंच. पोरगी बी अन् मासळी बी." मी आठवी पास होऊन नववीला बारामतीला निघाले होते. अख्ख्या बसला आपल्यामुळं वास येणार या विचारानं मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं, की रडायचं राहूनच गेलं. माझ्या वाटचं आई रडली. खिडकीखाली उभी राहून म्हणाली, "येळंवर जेव. अन् कुणी इचारलं तर मान वर करून सांग, कुणाची हायस ते." विचारायची गरजच पडणार नव्हती, वासावरूनच कळत होतं.

जे गावात राहिले त्यांना वाटतं, निघालेले आम्ही मोठे शूर. आणि जे माझ्यासारखे निघाले त्यांना वाटतं, मागं राहिलेल्यांचं बरं आहे. दोन्ही खोटं. मी निघाले त्याला कारण एवढंच, की मला जहाजं बांधायची होती. हे मी घरी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण आमच्या घरात समुद्र कुणी पाहिलाच नव्हता. आण्णा आणि थोरले चुलते तात्या उजनीच्या पाण्यात मासे धरतात. दोघांत एक होडी. आपली होडी चार माणसं आणि ओलं जाळं घेऊन तरंगते कशी, हे मला लहानपणापासून कुणी धड सांगितलं नव्हतं. शाळेतले सर म्हणाले, इंजिनिअरिंगच्या कॉलेजला जायचं तर बारावीत जागं होऊन चालत नाही, नववीपासून तयारी लागते. आण्णांना ते लगेच पटलं. जाळं पाण्यात टाकायच्या आधी शिवून ठेवतात, त्यात नवीन काय, असं त्यांचं म्हणणं. तात्यांना मात्र पटलं नाही. होडी दोघांची, त्यामुळं घरातला शब्दही दोघांचा. शेवटी तात्या म्हणाले, "एक साल बघू. न्हाय जमलं तर पोरगी परत. मग पुन्यांदा कुठल्या पोरीचं नाव काढायचं न्हाय."

म्हणजे माझ्या एकटीचं नव्हतंच ते. माझ्या मागं आमच्या वस्तीतल्या सगळ्या पोरींचा रस्ता उघडायचा किंवा बंद व्हायचा होता.

आता क्लास कसा निवडला ते ऐका. बारामतीत तेव्हाही चौकाचौकात पहिल्या आलेल्या पोरांच्या फोटोंचे बोर्ड होते. आण्णांनी त्यांच्याकडं ढुंकून पाहिलं नाही. म्हणाले, "फोटोतलं मासं बघून कुणी इकत घेतं का?" ते समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसले आणि क्लास सुटायची वाट बघू लागले. मासळी बघायची तर होडी काठाला लागताना बघायची, ही त्यांची पद्धत. एका क्लासमधून पोरं मान खाली घालून, स्वतःशीच पुटपुटत बाहेर पडली. दुसऱ्यातून हसत, एकमेकांना टाळ्या देत. आण्णा खूश झाले. "बघ, कशी ताजी हायत!" झालं, माझं नाव त्या ताज्या पोरांत घातलं गेलं. पुढं भिगवणच्या बाजारात भेटेल त्याला आण्णा ही परीक्षा समजावून सांगायचे.

पोरं ताजी का होती, ते मला आठवड्याभरात कळलं. सर आणखी दोन ठिकाणी शिकवायचे. आमच्याकडं येईपर्यंत अर्धा क्लास उलटून गेलेला असायचा. आले की फळ्यावर एखादं गणित सोडवायचे आणि घड्याळ बघत निघायचे. उरलेल्या वेळात आम्ही गाण्यांच्या भेंड्या खेळायचो. माणसं वाईट नव्हती, मजा यायची, पण मी काही भेंड्या खेळायला घर सोडलं नव्हतं. सहामाहीत बीजगणितानं मला उताणं पाडलं. घरी सांगावं तर आण्णांची गावभर गायलेली निवड खोटी ठरणार, आणि तात्यांना आयतंच कोलीत मिळणार. न सांगावं तर वर्ष हातचं जाणार. मी फार घाबरले होते, हे आज सरळ लिहिते.

मी राहत होते हमिदाचाचींकडे. त्या मंडईत मासळी विकायच्या. आण्णांचा माल वर्षानुवर्षं त्यांच्याच फळीवर जायचा, म्हणून त्यांच्या घरातली मागची खोली मला मिळाली. त्यांच्याकडं सकाळी भाकरी आणि संध्याकाळी चौकशी, दोन्ही चुकायचं नाही. माझं उतरलेलं तोंड बघून त्यांनी सगळं काढून घेतलं आणि म्हणाल्या, "अगं, तुझ्या बापाचा माल नरम निघाला तर मी तोंडावर सांगते त्याला. कधी राग धरला न्हाय त्यानं. दुसऱ्या दिशी बर्फ जास्त घालून पाठवतो. तू बी सांग की."

शनिवारी मी गावी गेले आणि रविवारी सकाळी आण्णा-तात्यांबरोबर होडीत बसले. तात्या वल्ही मारत होते, आण्णा जाळं ओढत होते. मी एका दमात सांगून टाकलं. सर येत नाहीत, गणित बुडतंय, क्लास चुकलाय. वल्ही थांबली. तात्या म्हणाले, "म्या म्हटलं न्हवतं?" आण्णांचं तोंड मला दिसत नव्हतं. हातातलं जाळं रिकामंच होतं, ते त्यांनी सगळं वर घेतलं, झटकलं आणि तात्यांना म्हणाले, "हितं न्हाय गावलं म्हून होडी इकतो का आपण?" मग माझ्याकडं वळून म्हणाले, "जागा माझी चुकली. उचल. दुसरीकडं टाकू." तात्यांनी होडी वळवली.

दुसरीकडं म्हणजे मान खाली घालणाऱ्या पोरांच्या क्लासात. तिथली पोरं दमलेली नव्हती, रस्त्यानं चालताना मनात गणितं सोडवत होती. मॅडम आधी येऊन फळा पुसून उभ्या असायच्या. पहिल्याच दिवशी मला उभं करून त्यांनी सहावीचे अपूर्णांक विचारले आणि मी चुकले, तेव्हा सगळ्यांसमोर सांगितलं की इथून सुरू करायचं. मला राग आला. पण सुरू तिथूनच केलं, आणि वर्ष वाचलं. तात्यांची अट मागं पडली. नववीतच अपूर्णांकांपाशी मागं जाता आलं, बारावीत गेले असते तर वेळ कुठून आणला असता? लवकर सुरू करण्याचा खरा फायदा मला हाच दिसतो. चुकायला जागा राहते.

आज मी कोचीत राहते. कॉलेज इथंच झालं, आता नोकरीही इथंच. सकाळी फेरीबोटीतून खाडी ओलांडून शिपयार्डात जाते, दिवसभर जहाजांच्या तळाची ड्रॉइंग्ज तपासते. शेजारच्या चेचीला, म्हणजे ताईला, मी चपात्या शिकवल्या, तिनं मला अप्पम. 'बरं' म्हणायच्या ऐवजी तोंडातून 'शरि' कधी यायला लागलं, कळलंच नाही. इथल्या बाजारात चिलापीला सिलोपी म्हणतात. पहिल्यांदा ती फळीवर दिसली तेव्हा मी तिथंच उभी राहून रडले, फाट्यावर राहून गेलेलं सगळं. मासळीवाली घाबरली आणि भाव कमी केला. आण्णा एकदा आले होते. गोदीत उभं जहाज खालून वर बघून त्यांनी एवढंच विचारलं, "हे काठाला कोन ओढतं?"

घराची आठवण येते का, असं इथले लोक विचारतात. येते, आणि त्याचं दुःख होत नाही. आमचं जुनं गाव धरणाच्या पाण्याखाली आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुनं देऊळ वर येतं, आणि म्हातारी माणसं तिथं उभी राहून आपापल्या घराची जागा बोटानं दाखवतात. मग संध्याकाळी वरच्या गावात येऊन निवांत जेवतात. घर एकदा उचलून दुसरीकडं मांडता येतं, हे आमच्याकडं कुणाला समजवावं लागत नाही. माझंही तसंच झालं आहे. जिथं माझं चुकलेलं मी तोंडावर सांगू शकते आणि तरी माझ्यासाठी होडी वळते, त्याला मी घर म्हणते. ते पळसदेवला आहे, थोडं हमिदाचाचींच्या मागच्या खोलीत आहे, आणि आता थोडं इथंही मांडलं आहे.

यंदा मेमध्ये तात्यांचा फोन आला. हो, त्याच तात्यांचा. नात सायली आठवी पास झाली, तिला बारामतीला ठेवायचं आहे, तर म्हणे, "तू ये. क्लास तू बघ." मी रजा काढून गेले. तात्या मला आणि सायलीला घेऊन थेट आण्णांच्या त्या चहाच्या टपरीवर गेले आणि क्लास सुटायची वेळ विचारू लागले. मी म्हटलं, "तात्या, सुटायची न्हाय. भरायची." मग आम्ही तिघं क्लास भरायच्या आधीपासूनच तिथं बसलो. सायली बशीतला चहा गार होईपर्यंत दाराकडं बघत होती.

तेवढ्यात आण्णांचा फोन आला. "कुठं हायसा?"

"टपरीवर."

"मास्तर आला का?"

एक मॅडम स्कूटर लावून, पिशवी सावरत आत शिरत होत्या. पोरं अजून यायची होती. तात्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि अख्ख्या चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आली, आली! पोरांच्या आदी आली!"

पलीकडून आण्णा म्हणाले, "मंग टाका जाळं."