खालच्या मजल्यावरचे भावजी

एका रविवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी देवासमधल्या आमच्या घरी लॅपटॉपचं वायफाय सुरू झालं. ते अठरा दिवस बंद होतं. सुरू करणारा मी नव्हतो.

ज्याने सुरू केलं त्याने आधी खिडकीच्या गजाला हात लावला. कोणत्याही यंत्राला शिवण्यापूर्वी तो लोखंडाला हात लावायचा, अंगातली वीज उतरवायला. मग यंत्राकडे बघून विचारायचा, "हं, तू आहेस कोण?" अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती यंत्रांशी बोलतात आणि आजूबाजूची माणसं त्यांच्याकडे कौतुकाने बघत राहतात. त्या रविवारी माझी बायको बघत होती.

तो खालच्या मजल्यावर भाड्याने राहायचा. वय चाळिशीचं. ट्रकसकट माल तोलणारे धर्मकाटे दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. सरदारपूर, अमझेरा, धार असा स्कूटरवर फिरायचा. काट्यांच्या खोलीतले जुने संगणक सारखे अडकतात म्हणून त्याने त्यांतलं विंडोज काढून लिनक्स घातलं होतं. हे मला नंतर कळलं. मी बावीस वर्षं एका हिंदी वर्तमानपत्रात बातमीदार आहे, आणि माझ्याच घराखाली राहणाऱ्या माणसाबद्दल मला एवढंही माहीत नव्हतं.

लॅपटॉपमध्ये लिनक्स मी घातलं होतं. तो जुना होता, रखडत चालायचा. लिनक्स आल्यावर पळायला लागला, पण वायफाय दिसेना. घरात इंटरनेट फक्त मोबाईलचं, आणि ते लॅपटॉपला वायफायनेच मिळायचं. बायको दर रविवारी दहा वाजता लॅपटॉपवरून मुलांना मराठी वाचायला शिकवते. मुलं आमच्यासारख्याच माळव्यातल्या मराठी लोकांची, देवास आणि धारकडची. घरी मराठी बोलतात, शाळा हिंदीत, त्यामुळे छापलेलं पान समोर आलं की गप्प होतात. लॅपटॉप बंद पडल्यावर ती वर्ग मोबाईलवर घेऊ लागली. मुलांना पानावरची अक्षरं नीट दिसेनात. दोन मुलं गळाली.

मी रोज सांगत होतो, "जवळजवळ झालंय."

अठराव्या दिवशी तिने मला न विचारता त्याला वर बोलावलं.

"काय काय करून पाहिलं, भिया?" त्याने विचारलं. भाऊ, दादा याऐवजी आमच्याकडे 'भिया' म्हणतात.

मी सांगितलं. लॅपटॉपच्या पाठीवरच्या पट्टीवर वायफाय कार्डाच्या कंपनीचं नाव छापलेलं होतं. त्या कंपनीचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, मी चार वेळा घातला होता.

"पट्टीवर लिहिलंय ते ठीक. पण त्याला स्वतःला विचारलं का?"

त्याने एक ओळ टाइप केली. लॅपटॉपच्या आत जे जे बसवलेलं आहे त्याची यादी पडद्यावर आली. कार्ड दुसऱ्याच कंपनीचं होतं. आधीच्या एखाद्या दुरुस्तीत कोणीतरी बदललं होतं. छापलेल्या नावावर विसंबून मी अठरा दिवस भलत्याच कार्डाचा इलाज करत होतो. ऐकीव माहितीवर बातमी लिहू नये, हे मी नव्या पोरांना शिकवतो.

ड्रायव्हर उतरवून घ्यायला इंटरनेट हवं होतं, आणि इंटरनेटसाठी वायफाय. आमच्या वायरींनी फोन फक्त चार्ज व्हायचा. त्याने खालून आपली वायर आणली, फोन लॅपटॉपला जोडला आणि त्यातूनच नेट घेतलं. पडद्यावर ओळी धावू लागल्या. बायकोने विचारलं, "हे सगळं तुम्हाला समजतं?"

"नाही वहिनी. मला शेवटची ओळ समजते. तिथे एरर आलं की वरच्या वाचतो."

ती हसली. चांगलीच मोठ्याने हसली. मग वायफायचं चिन्ह उमटलं. घड्याळ मी तेव्हाच पाहिलं.

पुढच्या आठवड्यापासून ती त्याला 'भावजी' म्हणू लागली. माझ्या सख्ख्या धाकट्या भावाला ती नावाने हाक मारते.

मोबदला त्याने घेतला नाही. म्हणाला, "मलाही वाचायला शिकवा. बोलतो मराठी, पण पान बघितलं की घाम फुटतो." मग गुरुवारी संध्याकाळी अर्धा तास तो वर येऊ लागला. पुस्तकावर बोट ठेवून वाचायचा. अडला की लगेच म्हणायचा, "नाही येत. सांगा."

"त्यांना न येण्याची लाज वाटत नाही," बायको एकदा म्हणाली. एवढंच म्हणाली. मी वर्तमानपत्र वाचत होतो, ते वाचत राहिलो.

गुरुवारी चहात आलं असायचं. बाकीचे दिवस नसायचं. हे मी तीन गुरुवार तपासून पाहिलं.

त्याने तिला एक सूचना दिली होती, मला नाही; मी ती बाजूला बसून ऐकली होती. लिनक्सचा गाभा नवा झाला की बाहेरून घातलेला ड्रायव्हर त्याला ओळखत नाही. तो पुन्हा बसवावा लागतो. "म्हणून वहिनी, अपडेट विचारलं तर आधी मला आवाज द्या." एका शनिवारी पडद्याच्या कोपऱ्यात अपडेटची सूचना आली. मी कोणालाही आवाज दिला नाही. बटण दाबलं.

रविवारी सकाळी साडेनऊला वायफाय नव्हतं.

तो रविवार साधा नव्हता. अमझेऱ्याची एक दहा वर्षांची मुलगी त्या दिवशी पूर्ण धडा वाचणार होती. ऐकायला पुण्याहून तिची आत्या बसणार होती. माळव्यातल्या पोरांना मराठी वाचता येत नाही, असं ही आत्या दर भेटीत सुनावायची. मुलीने महिनाभर तयारी केली होती. मोठ्या अक्षरांतला धडा बायकोने लॅपटॉपवर तयार ठेवला होता.

"भावजींना हाक मारा," बायको म्हणाली.

मी म्हणालो, "तो सरदारपूरला गेलाय."

तासाभरापूर्वी मी त्याला जिन्यात पाहिलं होतं. त्याने मला "काय भिया" केलं होतं.

वर्ग मोबाईलवर झाला. बायकोने पुस्तक कॅमेऱ्यासमोर धरलं. अक्षरं हलत होती. मुलगी पहिल्या तीन ओळी वाचून थांबली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबली. पुण्याहून आवाज आला, "राहू दे गं. हिंदीत म्हण काहीतरी." मुलीच्या चौकटीत अंधार झाला. त्यानंतरचे दोन रविवार ती आली नाही.

सोमवारी बायकोने त्याला वर बोलावलं. गजाला हात लावून झाला, तेव्हा तिने विचारलं, "काल तुम्ही सरदारपूरला होता ना, भावजी?"

त्याने आधी माझ्याकडे पाहिलं. वीस-वीस किलोची प्रमाणित वजनं स्कूटरला बांधून गावोगाव नेणारा हा माणूस. काटा खोटा बोलत असेल तर मालकाच्या तोंडावर सांगणारा.

"हो वहिनी," तो म्हणाला. "अचानक काम निघालं."

ड्रायव्हर पुन्हा बसला. मी त्याला जिन्यापर्यंत सोडायला गेलो. तिसऱ्या पायरीवर तो थांबला. "भिया, बातमी देताना मला तरी सांगायचं, मी कुठे आहे ते."

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

नंतर अमझेऱ्याच्या काट्यावर त्याचं काम होतं. तिथून तो त्या मुलीच्या घरी गेला. तिच्यासमोर बसून त्याने तोच धडा मोठ्याने वाचला, अडखळत, घाम पुसत. सातव्या ओळीवर अडला तेव्हा शब्द मुलीने सांगितला. हे मुलीच्या आईने फोनवर सांगितलं. त्यानंतरच्या रविवारी ती वर्गात होती आणि तिने धडा पूर्ण वाचला. आत्या नव्हती. बायको रडली. मी आमच्या लग्नात तिला रडताना पाहिलं होतं, त्यानंतर दोन-तीनदा. त्यातलं एकही रडणं मी घडवून आणलेल्या आनंदाचं नव्हतं.

उन्हाळ्यात त्याने घर सोडलं. आई धारला एकटी होती, तिच्याजवळ राहायला गेला. जाताना ती वायर बायकोला देऊन गेला. ड्रायव्हर बसवायच्या ओळी तिने स्वतः लिहून घेतल्या होत्या. पुढचं अपडेट आलं तेव्हा ती एकटी बसली आणि वीस मिनिटांत उठली. मला आवाज दिला नाही.

त्या संध्याकाळी मी तिला सांगितलं, की त्या रविवारी तो घरीच होता.

"मला त्याच दुपारी कळलं," ती म्हणाली. "वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेले, तर भावजी खाली स्कूटर धूत होते."

"मग सोमवारी त्याला का विचारलंस?"

"तुम्ही बोलाल म्हणून. तुम्ही समोरच उभे होतात."

मग ती म्हणाली, "बोलले भावजी. आणि तेही खोटंच."

मागच्या महिन्यात एका बातमीसाठी धारला गेलो. काम दोन वाजता संपलं. त्याचा पत्ता बायकोच्या वहीत होता, तो मी उतरवून आणला होता, तरी दाराशी पोचायला चार वाजले. दारात त्याची आई भेटली. म्हणाली, तो नेमावरला गेलाय, दोन दिवसांनी येईल. आत या, चहा घ्या. मी चहा घेतला. मग बाहेर येऊन त्याला फोन लावला.

"भिया! वायफाय गेलं का?"

"नाही. चालू आहे."

"मग?"

मी म्हणालो, धारला आलोय, तुझ्या घरासमोर उभा आहे. त्या रविवारी तू घरी आहेस हे मला माहीत होतं. अपडेटचं बटणही मीच दाबलं होतं, तुझी सूचना माहीत असताना. हे सांगायला इतके महिने लागले. मागे ट्रॅक्टर सुरू होता आणि कोणीतरी आकडे ओरडत होतं. माझं किती ऐकू गेलं हे मला सांगता येत नाही.

तो म्हणाला, "थांबा भिया, गाडी काट्यावर आहे. करतो फोन."

तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती. साडेपाचच्या बसने मी देवासला निघालो. हे लिहीपर्यंत त्याचा फोन आलेला नाही.