भाऊजींचं डिस्करेज

अख्खा संसार इंग्रजीतल्या एका क्रियापदावर चालवणारा माणूस भिवंडी तालुक्यात एकच, तो म्हणजे माझ्या ताईचा नवरा, आमचे भाऊजी. मानकोलीच्या एका गोडाऊनवर ते सुपरवायझर आहेत. तिथे एकदा सेफ्टीचं ट्रेनिंग झालं. साहेब म्हणाले, माल उतरवताना कामगारांना मोबाइल बघण्यापासून 'डिस्करेज' करा. बाकीचे सुपरवायझर चहाबिस्किटं खाऊन घरी गेले. भाऊजी तो शब्दच घेऊन आले. "मनाई करनं वेगलं, डिस्करेज करनं वेगलं," ते मला समजावत. "मनाई म्हंजे वाटंत गेट लावनं. डिस्करेज म्हंजे वाट मोकली ठेवायची, पन मानसाला जाववलं न्हाय पायजे."

तेव्हापासून त्यांच्या तोंडातून 'नको' हा शब्दच गेला. गोडाऊनमागे कोणी बिडी पेटवली की ओरडायचं नाही. शेजारी उकिडवं बसून त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करायची, मग वडिलांच्या दम्याची, बिडी आपोआप विझेपर्यंत. "साहब, गाली दे दो, लेकिन अम्मी का हाल मत पूछो," असं एका लोडरने हात जोडून सांगितलेलं मी स्वतः ऐकलंय. घराच्या कोपऱ्यावर लोक कचरा टाकत, तर भाऊजी सकाळी तिथेच दात घासत उभे राहू लागले. येणाऱ्याच्या पिशवीकडे बघून "काल कोलंबी व्हती वाटतं?" एवढंच विचारायचे. पंधरा दिवसांत कोपरा लख्ख. ताई मात्र कपाळाला हात लावायची. "पोरांना एकदा सरळ ओरडतील तर शपथ," म्हणायची.

माझ्यावरही त्यांनी हा प्रयोग केला. बाबांच्या मागे खारबावचं आमचं भाताचं शेत मी गोडाऊन बांधणाऱ्याला द्यायला निघालो होतो. ताईचीही सही लागणार होती. भाऊजींनी घरात तिच्याकडे एक शब्द टाकला असता, तर व्यवहार तिथेच बारगळला असता. त्यांनी टाकला नाही. त्याऐवजी दर रविवारी यायचे आणि "चल, जरा शेतावर जाऊन येऊ" म्हणायचे. बांधावर बसून, बाबा कुठलं खाचर आधी लावायचे, आई भाकऱ्या कुठे सोडायची, असलं काहीबाही विचारत राहायचे. मला सगळं कळत होतं. मी मनात हसायचो आणि घड्याळ बघायचो.

सहीच्या दिवशी ताईला कचेरीत भाऊजीच घेऊन आले. पेनही त्यांनीच दिलं.

आता तिथे निळ्या पत्र्याचं गोडाऊन उभं आहे. परवा आम्ही दोघं त्याच्यासमोर थांबलो, तेव्हा मी एकदाचं बोललो, "भाऊजी, तुम्ही एकदा सरळ 'विकू नको' म्हणाला असतात, तर मी थांबलो असतो हो."

ते पत्र्याकडे बघतच हळूच म्हणाले, "व्हटावर आलं व्हतं रं. पन शेत सासऱ्याचं. जावयानं कसं बोलायचं, बाला?"

माणूस इतका भला असू नये, असं मला त्या वेळी फार वाटलं.