क्षार, पाणी आणि आच

प्रयोगशाळेत एका मुलीने आम्लात आम्लारी ओतली आणि चंचुपात्र पटकन खाली ठेवलं. "सर, चटका बसतोय!" फळ्यावरच्या समीकरणात फक्त क्षार आणि पाणी होतं. उष्णता त्यात लिहीत नाहीत.

माझी आई मंगल कार्यालयातले संडास ॲसिडने धुवायची. एकदा ते तिच्या हातावर सांडलं. सोबत काम करणाऱ्या शेवंतामावशीने धावत येऊन कमरेच्या डबीतला तंबाखूचा चुना त्यावर थापला. "गांधीलमाशी चावल्यावर ह्योच लावतो की आपण. आत्ता थंड पडंल, आक्का."

हात पाण्याखाली धरायचं कुणालाच सुचलं नाही. चुना म्हणजे आम्लारीच; क्षार आणि पाणी झालंही असेल, पण ते होतानाची आच कातडीच्या आत उतरली. आईची बोटं आखडली ती कायमची. त्याच हाताने फरशा पुसून तिने मला पदवीपर्यंत पोचवलं.

दोन जहाल गोष्टी एकमेकींना शांत करतात, हे मुलांना शिकवताना माझा आवाज उतरतो. त्या कुणाच्या अंगावर शांत होतात, हे पुस्तक विचारत नाही.

आईला मी एकदा हे सगळं समजावून सांगितलं. तिने आखडलेली बोटं पदराखाली घेतली. मग म्हणाली, "शेवंताला नगं सांगू. तिनं मायेनं लावलं व्हतं."